पुतळा पाहिला का? पैठण ते केवडिया सहलीचं एक प्रकरण

पैठण तालुक्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाची सहल गुजरातमध्ये केवडियाला, सरदार पटेलांच्या स्टॅच्यू ऑफ युनिटीला जाऊन आली. बस परतल्यावर आठवडाभर मंडळाच्या पारावर एकच वाद चालला होता: आपण पुतळा पाहिला की नाही? गॅलरीचं महागाचं तिकीट काढलं होतं, लिफ्टनं सरदारांच्या छातीपर्यंत चढून झालं होतं, मोबाइल फोटोंनी भरले होते. तरी बरेच जण म्हणत होते, जाऊन आलो खरं, पण पुतळा काही डोळ्यांत भरला नाही. सेक्रेटरी चिडले होते. एवढी यातायात करून लोक असं बोलतात म्हणजे काय!

मी त्या बसमध्ये होतो. वेरूळ-पैठण भागात पर्यटकांना फिरवणाऱ्या पोरांचे वर्ग घेतो, त्यामुळे माणसं एखाद्या ठिकाणी कुठं थांबतात, कशाकडं बघतात आणि कुठं कंटाळतात हे टिपायची सवय लागली आहे. वर्गात मांडायला हे प्रकरण चांगलं आहे, कारण यात कुणी काही वावगं केलेलं नाही. वेळापत्रक पाळलं गेलं, जेवण वेळेवर मिळालं, कुणी हरवलं नाही, कुणाची शुगर वाढली नाही. आणि सहल फसली. (‘फसली’ हा शब्द सेक्रेटरींना आजही मान्य नाही.)

ठिकाण

नर्मदेच्या पात्रात साधू बेट आहे, सरदार सरोवर धरणाच्या खाली सव्वातीन किलोमीटरच्या आसपास. त्यावर वल्लभभाई पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा, धरणाकडं तोंड करून उभा. खालचा चौथरा धरला तर उंची २४० मीटर होते. गुजरात विधानसभेच्या जागा १८२, म्हणून पुतळाही १८२ मीटरचा. पायाभरणी ३१ ऑक्टोबर २०१३ ला झाली आणि अनावरण ३१ ऑक्टोबर २०१८ ला, दोन्ही वेळा सरदारांची जयंती गाठून. काम लार्सन अँड टुब्रोकडं होतं, २,९८९ कोटींचं. आत काँक्रीटचे गाभे, त्यांच्याभोवती पोलादी सांगाडा, वरून ब्राँझचं आवरण. हे आवरण चीनमधल्या ओतशाळेत ओतून आणलं. याआधी जगात सर्वांत उंच मूर्ती चीनमधल्याच स्प्रिंग टेंपल बुद्धाची होती, १२८ मीटरची. काठावरून बेटावर यायला ३२० मीटर लांबीचा पूल आहे. १५३ मीटरवर, म्हणजे छातीपाशी, प्रेक्षक गॅलरी आहे. तिथं एका वेळी २०० माणसं मावतात. त्याच्या वरचा भाग, खांदे आणि डोकं, लोकांसाठी नाही.

हे सगळे आकडे आम्हाला बसमध्ये, रांगेत आणि पुतळ्यापाशी मिळून तीन-चार वेळा ऐकवले गेले. पारावर परत आल्यावर मी सहज विचारून पाहिलं तर १८२ चा आकडा एकट्या गुरुजींना आठवत होता. ते गणित शिकवायचे.

त्या दिवशी काय झालं

बस रात्रभर धुळे, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, राजपिपला अशी चालली. सकाळी गॅलरीची वेळ ठरलेली, त्यामुळे चहा-नाश्ता उरकून थेट रांगेत. आपली बस लांब लावायची, तिथल्या बसनं पुढं जायचं, तपासणी, मग पुलावरून बेटाकडं. चालवत नाही त्यांच्यासाठी वाटेत सरकते पट्टे आहेत.

या सरकत्या पट्ट्यापाशी मी जे पाहिलं ते या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी निरीक्षण आहे. नऊवारी नेसलेल्या एक आजी पट्ट्याच्या तोंडाशी येऊन थांबल्या. डाव्या मुठीत लुगड्याचा घोळ, उजवा हात सुनेच्या खांद्यावर. एक पाय टाकला, पट्ट्यानं ओढला, ‘विठ्ठला’ म्हणत मागं घेतला. मागं माणसं तुंबली. कुणीतरी म्हणालं, ‘आजी, टाका दोन्ही पाय एकदम.’ त्यांनी डोळे मिटून टाकले. पट्टा चालू लागला तशा त्या कठड्याला धरून आपल्याच पायांकडं बघत राहिल्या, कारण पट्टा संपतो तिथं पुन्हा उतरायचं होतं आणि सारी चिंता त्याची होती. त्यांच्या मागचे सगळेही खालीच बघत होते. समोर १८२ मीटरचा सरदार अंगावर येत होता, पुतळा सबंध दिसावा असं अंतर होतं, आणि नेमक्या त्या पट्ट्यात आमच्या मंडळाच्या माना खाली.

वर पाहिलं तोवर आम्ही चौथऱ्यावर पोचलो होतो. आता दिसत होते ते पाय. सरदारांच्या पायातल्या चपला, त्यांचे पट्टे, धोतराचा काठ. मान मागं टाकली तर हनुवटीची खालची बाजू. आमच्याबरोबर एक व्याही होते, कंधारचे. ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, ‘एवढ्या लांबून येऊन पायच बघूलालाव की आपण! आमच्या क्षेत्रपालाचं बी असंच हाय.’ नांदेड जिल्ह्यातलं कंधार हे राष्ट्रकूटांचं मोठं ठाणं होतं. तिथं त्या काळातल्या क्षेत्रपालाच्या, म्हणजे राखणदार देवाच्या, प्रचंड मूर्तीचे तुकडे सापडलेले आहेत आणि त्या तुकड्यांवरूनच मूळ मूर्ती केवढी असेल याचा अंदाज बांधावा लागतो. जगत्तुंग समुद्र नावाचा राष्ट्रकूटकालीन तलावही गावालगत आहे. म्हणजे पाण्याकाठी अवाढव्य मूर्ती उभी करायची हौस आपल्याकडं हजार वर्षं जुनी आहे. व्याह्यांचा मुद्दा इतकाच होता की त्यांच्या मूर्तीचं वरचं अंग काळानं नेलं आणि या मूर्तीचं वरचं अंग जवळ उभं राहिल्यानं जातंय.

पुढं प्रदर्शन, लिफ्ट, गॅलरी, खाली. जेवण. मग फुलांची बाग, कारण तिकिटात होती. धरणाचं दर्शनस्थळ वेळेअभावी गळलं. संध्याकाळचा प्रकाशझोतांचा खेळ ड्रायव्हरच्या सांगण्यावरून सोडला. रात्री उशिरा निघायला तो तयार नव्हता. परतताना वळणावर पुतळा एकदा सबंध दिसला, तो उजव्या खिडकीजवळच्यांना. डावीकडचे उठून वाकेपर्यंत झाडं आडवी आली.

अंतराचा हिशेब

गुरुजींच्या मदतीनं मी नंतर एक साधं गणित मांडलं. पुतळ्याच्या उंचीइतक्या अंतरावर, म्हणजे १८२ मीटरवर, त्याच पातळीवर उभं राहिलं तर डोकं बघायला नजर ४५ अंश वर न्यावी लागते. दुप्पट अंतरावर गेलं की हा कोन साधारण २७ अंशांवर येतो, तिप्पट अंतरावर १८ वर. मानेचा पट्टा बांधणाऱ्या माणसाला ४५ अंश म्हणजे दोन-चार सेकंदांचं काम. चौथऱ्यावर तर आपण त्याच्याही कितीतरी आत असतो. तिथून पुतळा आखूड दिसतो, चेहरा जवळजवळ दिसतच नाही. बघणाऱ्याला निवांत बघता यावं असं अंतर साडेतीनशे मीटरपासून पुढं सुरू होतं. म्हणजे पूल ओलांडण्याच्या आधी. सहलीच्या कागदावर पुलाच्या अलीकडं थांबण्यासाठी एकही मिनिट नव्हतं.

आणि गॅलरीत गेल्यावर तर पुतळा दिसणं शक्यच नाही. आपण त्याच्या पोटात असतो. हे इतकं उघड आहे की कुणाच्या लक्षातच येत नाही. सर्वांत महाग तिकीट आपण पुतळा न दिसण्याच्या जागेसाठी काढतो.

वेरूळला मी हेच रोज बघतो. कैलास लेणं कड्यातून वरून खाली कोरत आणलेलं आहे. बाजूच्या डोंगरावर चढलं की सबंध मंदिर, शिखर, नंदीमंडप, आवार एका नजरेत येतं. आमची पोरं पर्यटकांना दारातून थेट आत घेतात, हत्तीपाशी फोटो, रावणानुग्रह, बाहेर. वरच्या वाटेची आठवण दमल्यावर होते, मग कोण चढतंय! आधी वर नेऊन मग आत आणलेले लोक लेण्यात जास्त वेळ थांबतात, हा माझा अनुभव आहे.

मग लोकांनी पाहिलं काय?

पुतळा नीट पाहिला नाही, ठीक. पण त्या दिवशी लोक आंधळे नव्हते. त्यांनी भरपूर पाहिलं. जे पाहिलं ते मार्गदर्शकाच्या बोलण्यात नव्हतं, एवढंच.

मंडळात पैठणी विणणाऱ्या घरातल्या एक बाई होत्या. चौथऱ्यावर सगळे चपलांजवळ फोटो काढत असताना त्या धोतराच्या चुण्या बघत होत्या. ‘कापड जड दाखवलंय,’ म्हणाल्या. ‘खादीच असणार. रेशमी असतं तर अशी घडी पडली नसती.’ ब्राँझमध्ये कापडाची जात ओळखणारं हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. त्यांच्याच मागं उभे असलेले एक आजोबा, तरुणपणी घरोघर फिरून कल्हई करायचे, आवरणाच्या रंगाकडं बघून म्हणाले, ‘तांबं जास्त आहे. आज तपकिरी आहे, पुढं हिरवं पडणार.’ बरोबर होतं. या ब्राँझमध्ये तांब्याचं प्रमाण ८५ टक्के आहे, बाकी कथील, जस्त आणि शिसं. उघड्यावरच्या तांब्यावर हवा-पाण्यानं हिरवट थर चढतोच.

गुरुजींचं पाहणं वेगळं. त्यांचे वडील हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. मराठवाड्यातल्या त्या पिढीच्या घरांमध्ये सरदार पटेल हे दिल्लीतले नेते नसतात, घरातल्या गोष्टीतलं पात्र असतात. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, निजामाच्या राज्यातले आपण नाही झालो. रझाकारांचा जाच त्यानंतर वर्षभर वाढतच गेला. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा आत शिरल्या, तीच पोलीस ॲक्शन, आणि १७ ला निजामानं हात टेकले. गुरुजींनी हे रांगेत सांगायला सुरुवात केली तसे पुढचे-मागचे गुजराती पर्यटकही कान देऊ लागले. त्यांना हे ठाऊकच नव्हतं की महाराष्ट्राच्या एका भागाला स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा मिळालं. आत प्रदर्शनात गुरुजींना संस्थानांच्या विलीनीकरणापाशी उभं राहायचं होतं. मागून रेटा आला, सुरक्षारक्षक ‘चलो, चलो’ करू लागला, आणि ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस रात्रभर बसमध्ये पाय आखडून बसला होता ती दोन मिनिटांत मागं पडली. त्यांची नाराजी सेक्रेटरींना कधी कळली नाही, कारण फीडबॅकच्या कागदावर जेवण, बस आणि मुक्काम एवढेच रकाने होते.

गुरुजी बोलत होते तेव्हा आमच्यातले एक चाचा हळूच बाजूला झाले. पूर्वी एसटीत होते, मूळ घर नळदुर्गाकडचं. नंतर चहा पिताना ते आपणहून बोलले. सरदारांचं काम मोठं, रझाकारांनी पाप केलं, यात त्यांना काही म्हणायचं नव्हतं. ‘पण पोलीस ॲक्शनमध्ये आमच्या आज्याचं दुकान गेलं आणि आज्याचा भाऊ पण. घरात कुणी ती गोष्ट मोठ्यानं सांगत नाही.’ इतिहासाचं हे पानही खरं आहे. कारवाईनंतर उसळलेल्या हिंसेची चौकशी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. समितीनं मृतांचा आकडा किमान २७ ते ४० हजार धरला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा ही नावं दिली. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नव्हता. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो: मराठवाड्याची तुकडी घेऊन या पुतळ्यापुढं उभं राहाल तेव्हा एकाच बसमध्ये गुरुजीही असतील आणि चाचाही. गुरुजींना बोलू द्या. पण चाचा बाजूला गेले तर त्यांना हाका मारून परत बोलावू नका, आणि सरसकट जयजयकार करायला तर मुळीच लावू नका.

मावशीचं मात्र वेगळंच झालं. जायकवाडीच्या धरणग्रस्त कुटुंबातल्या. गॅलरीत बाकीचे आवरणाच्या फटींतून खाली बघून ‘माणसं मुंग्यांएवढी दिसतात’ वगैरे म्हणत होते, सेल्फी काढत होते. मावशी धरणाकडच्या बाजूला जाऊन चिकटल्या आणि तिथून हलल्याच नाहीत. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १८ ऑक्टोबर १९६५ ला केली, १९७६ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींनी धरण देशाला अर्पण केलं. मधल्या वर्षांत मावशींच्या माहेरच्यांनी गाव उचललं. नाथसागर आटला की अजून देवळाचा ओटा उघडा पडतो, मग भाऊबंद नारळ घेऊन जातात. मावशींनी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं, ‘बाबा, ह्या पाण्यात गावं किती गेली?’ त्याला मराठी समजलं नाही. त्यानं धरणाची उंची सांगितली, १३८ मीटर आणि वर काही. ‘उंची नाही रे, गावं,’ मावशी म्हणाल्या. तो हसला आणि पुढच्या गटाकडं वळला.

उत्तर द्यायला पाहिजे होतं. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची ३३ गावं आली, सगळी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली आदिवासी गावं. सर्वाधिक बुडीत मध्य प्रदेशात. खुद्द केवडियात, धरणाच्या कामगारांची वसाहत उभी करायला १९६१ मध्ये सहा गावांची जमीन घेतली होती आणि तिथल्या लोकांचं गाऱ्हाणं पुतळ्याच्या अनावरणाच्या दिवशीही चालूच होतं. आमची बस रात्री अक्कलकुव्यातूनच आली होती. मावशी तेव्हा झोपल्या होत्या. नेहरूंनी या धरणाची पायाभरणी ५ एप्रिल १९६१ ला केली आणि लोकार्पण झालं १७ सप्टेंबर २०१७ ला. तारीख योगायोगाची, पण मराठवाड्यातल्या कुणाच्याही कानाला ती लगेच लागते: १७ सप्टेंबर, आपला मुक्तिदिन. गुरुजींचा सरदार आणि मावशींचं धरण या एका तारखेवर येऊन भेटतात. मार्गदर्शक मराठवाड्याचा असता तर त्यानं ही गाठ सोडली नसती.

एक गमतीचा भाग सांगून टाकतो. २०१३ च्या शेवटी या पुतळ्यासाठी गावोगावच्या शेतकऱ्यांकडून जुनं लोखंड गोळा करण्याची मोहीम निघाली होती. आमच्यातल्या एका पाटलांनी तेव्हा मोडक्या कोळप्याची फास, म्हणजे लोखंडी पातं, दिली होती, त्यांचं म्हणणं. दिवसभर ते प्रत्येक कर्मचाऱ्याला विचारत होते, आमची फास कुठं बसवली? ते लोखंड प्रत्यक्ष पुतळ्यात वापरलं गेलं नाही, प्रकल्पाच्या इतर कामांत वापरलं. हे समजल्यावर पाटील थोडे हिरमुसले, मग म्हणाले, ‘चला, कुठंतरी लागली ना. घरी गंजतच होती.’

न सांगितलेली गोष्ट

या सहलीत जी गोष्ट पहिल्या तासाला सांगायला हवी होती ती कुणीच सांगितली नाही. पुतळ्याचे शिल्पकार राम सुतार. जन्म १९२५ चा, धुळ्याजवळच्या गोंदूरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, आणि १९५४ ते १९५८ या काळात पुरातत्त्व खात्यात राहून अजिंठा-वेरूळच्या भंगलेल्या शिल्पांच्या डागडुजीचं काम त्यांनी केलं. तेव्हा त्यांची तिशी होती. आपल्या वेरूळच्या दगडाला हात लावून गेलेल्या माणसानं नव्वदी पार केल्यावर जगातला सर्वांत उंच पुतळा उभा केला, हे पैठणच्या माणसाला सांगितलं तर त्याची पाहण्याची तऱ्हाच बदलते. आमची बस जाता-येता दोन्ही वेळा धुळ्यातून गेली. रात्रीचे दिवे मालवलेले, सगळे घोरत होते.

पुतळा कसा वाढवला तेही सांगण्यासारखं आहे. आधी तीन फुटांची प्रतिकृती, मग १८ फुटांची, मग ३० फुटांची. चेहऱ्यासाठी जुने फोटो पाहिले गेले आणि अहमदाबाद विमानतळावरच्या सरदारांच्या पुतळ्याचा आधार धरला. त्यानंतर संगणकावर मापं घेऊन तो १८२ मीटरपर्यंत नेला. कल्हईवाल्या आजोबांना मी हे नंतर सांगितलं तेव्हा त्यांनी ताबडतोब विचारलं, ‘तीन फुटांत नाकाची चूक केसाएवढी असली तर वर जाऊन किती होईल?’ दोनशेपट मोजलं तरी हिशेब फुटांत जात नाही, पण इंचाच्या जवळपास पोचतो. हा प्रश्न कारागिराच्याच डोक्यात येणार.

दुसरी तुकडी

पुढच्या हिवाळ्यात मंडळाची दुसरी तुकडी निघाली. सेक्रेटरींनी कुरकुरत का होईना, कागद बदलला. एक रात्र मुक्काम वाढवला. गॅलरी ऐच्छिक केली. धुळ्यात दिवसाउजेडी चहाला थांबायचं आणि तिथं सुतारांची गोष्ट सांगायची, असं ठरलं. अक्कलकुव्यात नर्मदेकाठच्या गावांची. पुतळ्यापाशी थेट न जाता आधी धरणाच्या दर्शनस्थळावर, मग नावेतून, मग पूल, आणि पाय सगळ्यांत शेवटी.

दर्शनस्थळाचा बेत फारसा जमला नाही. तिथून तीन किलोमीटरवर पुतळा हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा दिसतो, त्यात सकाळचं धुकं. ‘एवढासा?’ असं एक आजोबा मोठ्यानं म्हणाले आणि मला धसकाच बसला. नाव मात्र लागू पडली. बसल्या जागी, मान न दुखवता, पुतळा हळूहळू जवळ येतो. अंतर रोखून धरावं लागत नाही, आपोआप बदलत जातं. नदीच्या पातळीवरून पाहिल्यावर चौथऱ्याची उंचीही कळते, जी पुलावरून तितकीशी जाणवत नाही. गरुडेश्वरच्या बंधाऱ्यामुळं पुतळ्याभोवती पाणी साठून राहतं, ते तिथंच सांगितलं तर लोकांना पटतं की एवढ्या मोठ्या नदीत हे पाणी इतकं स्थिर का. नावेत पहिल्यांदाच कुणी आपणहून चेहऱ्याबद्दल बोललं. ‘रागीट नाही दिसत,’ एक काकू म्हणाल्या, ‘शाळेतल्या फोटोत रागीट वाटायचे.’

संध्याकाळचा प्रकाशझोतांचा खेळ काहींना आवडला, काहींना डोळ्यांवर मारा वाटला. माझं मत दुसऱ्यांच्या बाजूनं आहे. दिवसा नीट बघितलेल्या मूर्तीवर रात्री रंग नाचवायची काय गरज, पण नातवंडांना दाखवायला व्हिडिओ मिळाला म्हणून बहुतेक खूश होते.

सरकत्या पट्ट्याचा प्रश्न सोपा निघाला. चढायच्या आधी सगळ्यांना पुलाच्या तोंडाशी थांबवलं, पाणी प्यायला दिलं, पाठीमागं कुणी ढकलणार नाही याची काळजी घेतली. दहा-पंधरा मिनिटं माणसं नुसती उभी राहिली, बघत, बोलत. मग पट्ट्यावर पायांकडं बघितलं तरी बिघडत नव्हतं.

पारावर परत आल्यावर या वेळी ‘पुतळा पाहिला नाही’ असं कुणी म्हणालं नाही. तक्रार वेगळी आली. गॅलरी टाळून ज्यांनी पैसे वाचवले त्यांना गावात पहिल्या तुकडीचे लोक भेटले की विचारायचे, ‘छातीत जाऊन आलात का?’ नाही म्हटलं की, ‘मग काय पाहिलं!’ पहिल्या तुकडीत ज्यांना पुतळा डोळ्यांत भरला नव्हता तेच हे विचारत होते. सेक्रेटरींनी माझ्याकडं बघून दोन्ही हात वर केले. आता कागदावर गॅलरी पुन्हा आली आहे, पण शेवटच्या दिवशी, आणि आत पुतळा दिसत नाही, धरण दिसतं, असं तिकिटाच्या रकमेशेजारी हातानं लिहिलेलं आहे. मावशींच्या धाकट्या जावेनं ते वाचून सगळ्यांत आधी नाव घातलं.

यंदा कुठं जायचं यावर पारावर चर्चा सुरू आहे. मी गांधीसागरचं नाव सुचवलं. मध्य प्रदेशात चंबळेवरचं धरण, तिथं राम सुतारांनीच केलेली चंबळदेवीची ४५ फुटांची मूर्ती आहे: आई चंबळ आणि तिची दोन लेकरं, मध्य प्रदेश आणि राजस्थान. गुरुजींनी लगेच कोन काढला: पाऊणशे-शंभर फुटांवर उभं राहिलं की मान दुखायचं कारण नाही. कल्हईवाले आजोबा तयार आहेत. पाटलांनी विचारलं, तिथं लोखंड मागत नाहीत ना. सेक्रेटरींनी वही उघडली, प्रवासाचे तास लिहिले, मुक्कामापुढं प्रश्नचिन्ह काढलं आणि मान वर करून म्हणाले, ‘लिफ्ट आहे का?’